मवाळ आवाजाचा खुनी

आमच्या काकांचं चष्म्याचं दुकान. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवून, एकेक भिंग बदलत ते विचारायचे, "आता कसं दिसतंय? सावकाश सांगा." आवाज इतका मायाळू, की डोळे तपासायला आलेली माणसं घरची गाऱ्हाणी सांगत बसायची.

परदेशी गुन्हेमालिकांचं डबिंग करणारा एक दिग्दर्शक नवा नंबर काढायला आला आणि काकांचा आवाजच मागून बसला. त्याचं म्हणणं असं, की या मालिकांत खुनी नेहमी सगळ्यांत मवाळ माणूस असतो. आरडाओरडा करणारा जावई, मृत्युपत्रावरून भांडणारा भाऊ, हे नुसते आपल्याला चकवायला. खरा खुनी पोलिसांना चहा विचारतो. तेव्हापासून दर शनिवारी दुकान बंद ठेवून काका खून करू लागले. कधी म्हातारा डॉक्टर होऊन, कधी माळी होऊन, एकदा तर शाळेचे मुख्याध्यापक होऊन.

पंचाईत झाली काकूची. तिला या मालिकांचं भारी वेड. तिनं त्यांचे प्रकारही पाडले होते: एका केसावरून सगळं उलगडणाऱ्या प्रयोगशाळेतल्या, साक्षीदार ऐन वेळी रडणाऱ्या कोर्टातल्या, आणि शांत खेड्यातल्या, जिथे दर आठवड्याला मुडदा पडूनही कोणी गाव सोडत नाही. आता काकांनी तोंड उघडलं की तिला खुनी कळायचा. तिच्या पोटात काही राहत नसल्यानं पाचव्या मिनिटाला तो अख्ख्या इमारतीला कळायचा.

मग एक दिवस शेजारच्या निवृत्त शिक्षिका डोळे तपासायला आल्या. काका वाकून म्हणाले, "हलू नका, लगेच होईल." आदल्याच आठवड्यात मालिकेत काकांच्या डॉक्टरनं हातात इंजेक्शन घेऊन हेच म्हटलं होतं. बाई नाकावरच्या भिंगांच्या चौकटीसकट थेट रस्त्यावर. चौकट परत घ्यायला काका मागे धावले, त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं.

काकूनं दिग्दर्शकाला फोन करून सगळं सांगितलं. त्यालाही पटलं, आणि काकांच्या वाट्याला निरपराध माणसं आली. महिनाभर ते "साहेब, गाडी तयार आहे" एवढंच म्हणत होते. जेवताना अर्धी पोळी टाकून उठायचे. काकूनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "निर्दोष माणसाला फारसं बोलायलाच देत नाहीत गं."

पुढे दिग्दर्शकाकडे वेगळ्या जातीची मालिका आली. तिच्यात पहिल्याच प्रसंगात खून आणि खुनी दोन्ही दिसतात. तो सापडतो कसा, एवढंच बघायचं. लपवायचंच काही नाही म्हटल्यावर काकांना पुन्हा बोलावणं आलं. तेरा भाग, एकच खुनी.

मालिका टीव्हीवर लागली त्या पहिल्या दिवशी काकू कुरकुरली, की यात ओळखायचं काय. चौथ्या भागापासून मात्र ती खुर्चीच्या कडेला बसू लागली. निरीक्षक गोड बोलून खुन्याकडून तीच हकिगत पुन्हा पुन्हा वदवून घेत होता. शेवटी तिला राहवेना. शेजारी संत्रं सोलत बसलेल्या काकांच्या दंडाला धरून ती म्हणाली, "अहो, जास्त बोलू नका. तो तुम्हाला बोलण्यातच अडकवतोय."

"अगं, रेकॉर्डिंग होऊन महिना झाला," काका म्हणाले.

तेराव्या भागात त्यांना बेड्या पडल्या. काकू दोन दिवस त्या निरीक्षकाला नावं ठेवत होती, आणि काकांना जेवणात आग्रह करकरून वाढत होती.