सरव्याच्या शेंगा

हंगामाच्या सणाला एका विधवा बाईंनी आणलेल्या दानाची मी भर मंडळीत चेष्टा केली. सगळ्यांना हसवलं आणि ते हसणं मोबाईलवरून गावोगाव पोहोचवलं. ही चूक माझी आहे. ती काळावर, मोबाईलवर, लोकांच्या स्वभावावर ढकलण्याचा प्रयत्न मी बरेच महिने करून पाहिला. जमलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी श्रीरामपूरजवळच्या एका गावात शिक्षक आहे. आमच्या चर्चमध्ये पिकं निघाली की हंगामाचा सण होतो. प्रत्येक घर आपल्या रानातलं, परसातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं. बाजरीची कणसं, भोपळा, अंडी, एखादा कोंबडा. उपासनेनंतर अंगणात त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि तो पुकारण्याचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं. माझा आवाज मोठा आणि विनोद तोंडावर तयार. पूर्वी ते हसणं अंगणातच विरून जायचं. मग मी खांबाला मोबाईल बांधून लिलावाचे छोटे व्हिडिओ टाकू लागलो आणि ते चालले. श्रीरामपूरच्या स्टँडवर अनोळखी माणसं "अहो लिलाववाले सर!" अशी हाक मारू लागली. खरं सांगतो, प्रार्थनेला डोळे मिटले तरी व्हिडिओखाली कुणी काय लिहिलं असेल, हेच मनात यायचं. कुणी कोणत्या मनानं दिलं हे मला दिसेनासं झालं. प्रत्येक वस्तूत मी पुढचा विनोद शोधायचो.

त्या वर्षी सगुणामावशींनी कापडी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा आणल्या. मावशी शेजारच्या गावात एकट्या राहतात. त्यांना जमीन नाही. लोकांचा भुईमूग काढून झाला की रानमालकाला विचारायचं आणि मातीत राहून गेलेल्या शेंगा खुरप्यानं उकरून वेचायच्या. याला आमच्याकडे सरवा म्हणतात. मावशींचं घर बरंचसं त्यावरच चालायचं. त्यातल्याच चांगल्या शेंगा निवडून, धुऊन, वाळवून त्यांनी देवाला आणल्या होत्या. मी पिशवी उंच धरली आणि मोबाईलकडे बघत ओरडलो, "ना नांगर, ना पेरणी, अन् मावशींचं पीक बघा! कुणाच्या रानातलं हाय हे? ज्याचं असंल त्यानं वळखून घ्या!"

मोठा हशा पिकला. मावशीही हसताहेत असं मला वाटलं.

तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त फिरला. मावशींच्या गावातही पोहोचला. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पाळकसाहेब त्यांना भेटून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, त्यांना आता कुणी रानात पाय ठेवू देत नाही. बांधावर दिसल्या की 'चोर म्हातारी आली' म्हणतात." मी म्हणालो, "लोकांना गंमत कळत नाही साहेब, त्याला मी काय करू? आणि त्या स्वतःही हसत होत्या." घरी येऊन व्हिडिओ मात्र काढून टाकला आणि तेवढ्यानं काम झालं असं मानलं. पण प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर घ्यायला हात पुढे होईना. दोनदा मी शेवटच्या बाकावरून तसाच उठून आलो. परक्या रानात सरवा वेचणाऱ्या विधवेची बायबलमधली गोष्ट मुलांना मीच शिकवत होतो, आणि माझ्यापुढे तशीच बाई उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडी माझा आवाज बसला तो उठेचना. नगरच्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं आणि स्वरयंत्रावर गाठी आल्याचं सांगितलं. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. देवानं शिक्षा केली असं मी म्हणणार नाही. वर्गात ओरडणाऱ्या कितीतरी शिक्षकांना हे होतं. मी वही आणि पेन खिशात ठेवून गप्प राहायला शिकू लागलो.

पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला गेलो. तोंडाला मास्क, गळ्याला मफलर. शेजारी कर्जतकडचं एक शेतकरी जोडपं बसलं होतं. बाईंचा घसा दुखत होता. त्यांचा नवरा मोबाईल बघत एकटाच हसत होता. मोबाईलमधून आवाज आला तो माझा. मी काढून टाकलेला व्हिडिओ दुसऱ्यांच्या खिशात जिवंत होता.

"आगं ए, हे बघ. लई इरसाल हाय हा मास्तर!" मग मोबाईल माझ्यापुढे धरून, "बघा पाव्हणं, पोट दुखंल हसून."

बाईंनी मोबाईल हातात घेऊन पाहिलं. परत एकदा पाहिलं. हसल्या नाहीत.

"ती म्हातारी बघितली का? समदी हसत्यात अन् ती तोंडात पदर धरून हुबी हाय."

"आगं, गंमत चाललीय."

"कसली गंमत? देवाला आनलंय तिनं. देवाफुडं ठिवल्याला कुनी हसतं व्हय? आपून शिंगणापूरला त्याल घेऊन गेल्तो, तवा तुमच्या बाटलीला कुनी हसलं आस्तं मंजी?"

"तू घसा दाखवाया आलीस का कीर्तन कराया?"

"कीर्तनानं तरी तुमाला अक्कल यील." मग त्या माझ्याकडे वळल्या. "काय वो भाऊ, खोटं हाय का माजं?"

मी मान हलवली. खोटं नव्हतं. आवाज असता तर मी नक्की म्हणालो असतो की त्या मावशीही हसत होत्या. तेच तर मी सगळ्यांना सांगत आलो होतो. पण आवाज नव्हता, म्हणून बघावं लागलं. मावशी हसत नव्हत्या. त्या रडू आवरत होत्या. इतक्या महिन्यांत मला जे दिसलं नाही, ते एका परक्या, दुसऱ्या देवाला हात जोडणाऱ्या बाईनं दोनदा पाहून दाखवलं. त्यांना आत बोलावलं गेलं. मला त्यांचं नावही विचारता आलं नाही. मी एवढंच म्हणतो की मला गाठण्याची देवाला दुसरी वाट मी शिल्लक ठेवली नव्हती.

तपासणी होताच मी एसटीनं थेट मावशींच्या गावी निघालो. गाडीत बसून दोन पानं भरून माफी लिहिली. मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी हात जोडले आणि कागद पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"सर, मला कुटं वाचता येतंय? बोला की."

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"आवाज गेला व्हय? लई वरडलात लिलावात." शेजारणीकडून वाचून घ्या, अशी मी खूण केली तशा त्या म्हणाल्या, "नगं. तिच्या तोंडानं कशाला? तुमचा आवाज आला की या. अन् हितं दारात न्हाई. नानांच्या वावरात या. तितंच मला चोर म्हन्त्यात." नाना म्हणजे त्यांच्या गावातले मोठे शेतकरी. एवढं बोलून मावशींनी मला पाणी आणून दिलं.

उरलेले दिवस मला फार जड गेले. मनात आलं, माफीचा व्हिडिओ करावा, जिथून बदनामी फिरली तिथूनच माफी फिरू दे. विचार वाईट नव्हता. पण थोड्याच वेळात मी कोणता शर्ट घालावा आणि उजेड कुठून घ्यावा हे ठरवत बसलो आहे, हे माझ्या लक्षात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. त्या दिवशी मी शब्दांवाचून गुडघ्यांवर बसलो. आवाज परत द्यायचा की नाही हे प्रभूवर सोडलं. माफी मिळावी हेसुद्धा मागितलं नाही. इतकी वर्षं मी देवाच्या घरात बोलत होतो, त्या महिन्यात पहिल्यांदा गप्प बसून त्याच्या हाती राहिलो. त्या गप्पपणाबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

मावशी आता परत मंडळीत येतात, आणि नानांच्या रानातही जातात. लिलाव दुसरं कुणी पुकारतं, आणि तो अंगणातच राहतो. यात माझं काही नाही. माझ्याकडून झालं ते पुढे सांगतो एवढंच.

उन्हाळी भुईमूग काढायला आला तेव्हा मला बोलायची परवानगी मिळाली. नानांच्या वावरात बायका वेल उपटत होत्या. मावशी बांधावर उभ्या होत्या, आत आल्या नाहीत. आवाज घोगरा आणि बारीक निघत होता, त्यामुळे ऐकायला नानांना आणि बायकांना कामं सोडून जवळ यावं लागलं. मी मावशींकडे तोंड करून म्हणालो, "या मावशींनी कुणाच्या रानातलं न विचारता काही घेतलेलं नाही. मला ते माहीत होतं. लोक हसावेत म्हणून मी खोटं बोललो आणि त्यांचं नाव घालवलं. मावशी, मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."