एका पलंगाचे दोन मालक

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चाललंय आणि नव्या प्लायवूडच्या वासानं मला आखातातल्या अल गराफा भागातला तो व्हिला आठवतोय. कुठल्या भागात माणसं किती दाटीनं राहतात, याचा नकाशा आमची कंपनी करत होती. सगळे घरी भेटावेत म्हणून मी मुद्दाम शुक्रवारी गेलो. प्लायवूड ठोकून एका हॉलच्या खोल्याच खोल्या केलेल्या, आत घामाचा आणि भाजलेल्या सुकटीचा वास. पहिल्याच खोलीत एक पलंग आणि दोन मराठी माणसं: रात्रपाळीचा ड्रायव्हर आणि दिवसपाळीचा वेल्डर. एरवी एक उठला की दुसरा आडवा व्हायचा, पण शुक्रवारी दोघांनाही सुट्टी. मी फॉर्मातला प्रश्न विचारला, “हा पलंग कोणाचा?” दोघं एकदम म्हणाले, “माझा.” “आठवडाभर उन्हात जळतोय मी, ऊठ!” म्हणत वेल्डरनं कुकर ड्रायव्हरच्या कपाळात घातला. रक्ताची चिळकांडी माझ्या शर्टावर उडाली. ड्रायव्हरनं त्याचा गळा आवळला, त्याला भिंतीवर आपटलं, प्लायवूड कडाडून फुटलं आणि दोघं पलीकडच्या खोलीत जाऊन कोसळले. तिथंही एकाच पलंगावर दोघंजण जेवत बसले होते. त्यांनी ताटं सांभाळत नुसते पाय वर घेतले. आत्ता भिंतीपलीकडं काहीतरी धाडकन आदळलं, कुणीतरी किंचाळलं, आणि मी सोफ्यावर पाय वर घेतले.