कारण निवडा

खाडी ओलांडणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर मी तिकिटं देतो. पूर्वी बोट सुटताना कोणी उतारावरून धावत आलं, तर ज्याला दिसेल तो ओरडायचा, "माणूस हाय!" आणि बोट थांबायची. कोण, कशाला, कोणी विचारत नसे.

मग फाटक आपोआप पडू लागलं. वेळ झाली की शिटी वाजते, दांडा खाली येतो. थांबवायचं असेल तर माझ्या स्क्रीनवर बटण आहे. ते दाबलं की येतं, 'कारण निवडा'. हवामान, भरती-ओहोटी, तांत्रिक बिघाड. माणूस हे कारण त्यात नाही. मी दोनदा बिघाड म्हणून खोटंच निवडलं. ऑफिसातून फोन आला, "तुमच्याच पाळीत कसा हो बिघाड होतो? तसंही खिडकी बंद करून तिकिटाचं मशीन बसवायचं चाललंय." तेव्हापासून नोकरी जाईल या भीतीने मी त्या बटणाला हात लावलेला नाही.

त्या दुपारी फाटक पडायच्या बेतात असताना म्हसळ्याकडून रिक्षा आली. आत आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातली, जिला सगळेच खाला, म्हणजे मावशी, म्हणतात ती, आणि तिच्या खांद्यावर मान टाकून धापा टाकणारा तिचा नवरा. त्याला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. धक्क्यावरचा चहावाला ओरडला, "माणूस हाय! अरे साहेब, बहिरा झालास काय? का आधी मशीनला इचारतोस?"

माझा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. शिटी वाजली, दांडा पडला, बोट गेली.

खाला खिडकीशी आली. "भाई, आमी दिसलो न्हाय का तुमाला?"

"नाही दिसलात, खाला."

"रिक्षा बाजूनं आली ना, म्हणून," माझ्या वतीने तिनेच सांगितलं आणि ओढणीने नवऱ्याला वारा घालत बसली. पुढची बोट येईपर्यंत त्याचा एकेक श्वास मला खिडकीत ऐकू येत होता. त्याचा अडकला की माझाही अडकायचा.

तो वाचला. पण माझी भीती गेली नाही. उद्या पुन्हा तसंच कोणी आलं तर माझा हात पुन्हा तिथेच राहील, हे मला ठाऊक आहे.

ती दोघं औषधासाठी अजून पलीकडे जातात. आता खाला फार लवकर येते आणि खिडकीसमोर उन्हात उभी राहते. मी म्हणतो, सावलीत बसा.

"नको भाई. हितंच बरं. तुमाला दिसते मी."