हवं तेवढं, पण दोन तासांत

रविवारी सकाळी साडेअकरालाच मोठी तयार होऊन दारात उभी होती. पायात नवे बूट, केस घट्ट बांधलेले आणि पोटात आदल्या संध्याकाळपासून कपभर चहाशिवाय काही नाही. हॉटेल उघडायचं साडेबाराला आणि बसने रस्ता जेमतेम वीस मिनिटांचा. धाकटी अजून ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून घरात फिरत होती.

"ताई, अगं बस तरी. आपण पोचायच्या आत कुणी सगळं संपवणार आहे का?"

"संपवतीलही. खाणाऱ्यांचा काही नेम नाही."

खाणाऱ्यांचं तिला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? पंख्यांच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये ती एकोणतीस वर्षं वाढायला उभी होती. साडेसहाशे माणसं, तीन पंगती, समोर भाजीचं पातेलं आणि उजव्या हातात वाढायचा डाव. नियम असा की प्रत्येकाला एकच डाव. दुसरा मागायचा नाही, आणि कुणी मागितलाच तर द्यायचा नाही. माल तपासणाऱ्या एका इंजिनियरने गंमत म्हणून तिचे दहा डाव काट्यावर घालून पाहिले होते. जास्तीत जास्त फरक निघाला तीन ग्रॅमचा. कारखान्याचे पंखेसुद्धा इतके एकसारखे निघत नव्हते, आणि हे त्या इंजिनियरनेच सांगितलं होतं. तेव्हापासून सगळे तिला डाववाल्या ताई म्हणायला लागले.

तीन महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली. त्याच दिवशी धाकटीने घरात फर्मान काढलं. धाकटी एका दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटना वेळ देण्याचं काम करते, त्यामुळे तिला फर्मान काढायची सवय आहेच. दोघी बहिणींचं दोन खोल्यांचं घर, तिसरं कुणी नाही. "ताई, जन्मभर लोकांना वाढलंस. संध्याकाळी दमून येऊन मलाही वाढलंस. आता तू आयती बसायचं. ताट मी वाढणार, तुझ्यापुढे आणून ठेवणार, आणि डावाला हात लावलास तर बघ."

बोलल्याप्रमाणे ती वागलीही. सकाळ-संध्याकाळ गरम ताट मोठीच्या पुढ्यात येऊ लागलं. आणि मोठीची अन्नावरची वासना उडाली.

दोन घास खाल्ले की बस. तिसरा घास तोंडात फिरत राहायचा. कमरेचा पट्टा आधी एक भोक आत गेला, मग दुसरं. डॉक्टरांनी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या नीट आल्या. ते म्हणाले, वय आहे, होतं असं. धाकटीने मिरची कमी करून पाहिली, वाढवून पाहिली, रडूनही पाहिलं. मोठी वरवर हसायची, "इतकी वर्षं वाफेत उभी होते ना, वासानेच पोट भरतं माझं." पण मनातून ती टरकली होती. कँटीनमध्ये तिसरी पंगत उठल्यावर अडीच वाजता ती स्वतः जेवायला बसायची, आणि तेव्हा असा आडवा हात मारायची की आचारी आपलं काम सोडून बघत राहायचे. ती भूक गेली कुठे? माणसाची भूक मेली म्हणजे आता बाकी काय राहिलं, हा विचार तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता.

आणि मग मागच्या रविवारी बसच्या खिडकीतून तिला ती पाटी दिसली. नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: चिनी, जपानी, थाई, कोरियन, ऐंशी पदार्थ, हवं तेवढं खा. खाली बारीक अक्षरांत: दोन तास. मोठीच्या पोटात काहीतरी हललं. खरंच हललं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला कुठलं तरी अन्न बघावंसं वाटलं.

तिथून पुढे आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मोठीने मोबाइलवर त्या हॉटेलचे फोटो बघून कागदावर नकाशा काढला. कुठला पदार्थ कुठे, सूप दाराजवळ का ठेवलंय (पोट भरायला, दुसरं काय), भात आणि नूडल्स आधी का घ्यायचे नाहीत. बुधवारी तर ती एकटीच जाऊन बाहेरच्या जिन्यावरून काचेतून बघून आली. धाकटीने विचारलं, "जेवलीस?" तर म्हणाली, "नाही, पण मांडणी चांगली आहे." धाकटी हसली, पण त्या रात्री तिला छान झोप लागली.

तर अशा दोघी साडेबाराला पाच कमी असताना दारात हजर झाल्या. दार उघडलं आणि मोठी आत शिरली ती तडक ताटांकडे गेली नाही. रिकाम्या हाताने तिने सबंध फेरी मारली. बांबूच्या टोपल्यांतून वाफाळणारे डिमसम, काळ्या दगडावर ओळीने मांडलेली सुशी, तिखटात आंबवलेला लालभडक कोबी, हलक्या पिठात तळलेल्या भाज्या, नारळाच्या दुधातली हिरवी करी, तिळात घोळवलेलं चिकन. गरम पाण्यात बसवलेले ट्रे बघून तिने मान डोलावली. पाण्याला बेताची वाफ होती, कडेला काही करपलेलं नव्हतं. "स्वच्छ आहे गं," ती धाकटीच्या कानात म्हणाली, "आणि कुणी वाढायला नाही. बघ ना, कुणीच नाही. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं, कितीही." तिचे डोळे लहान पोरीसारखे चमकत होते.

तिने ताट भरलं. म्हणजे तिच्या मते भरलं. चार पदार्थ, प्रत्येकाचा नेमका एक डाव, चार कोपऱ्यांत, एकाचा रस दुसऱ्याला न लागता.

"अगं, हवं तेवढं घ्यायचंय," धाकटी म्हणाली.

"हातच तेवढं घेतो."

टेबलाशी बसून मोठीने पहिला घास घेतला. चव अप्रतिम होती. दुसरा घेतला. तिसरा तोंडात फिरायला लागला.

तिने पाणी पिऊन पाहिलं. ताट जरा फिरवून हिरवी करी पुढे आणली. काही उपयोग नाही. पोट असं गप्प बसलं होतं की जणू सकाळपासून त्यात काही गेलंच नाही हे त्याच्या गावीही नव्हतं. आठ दिवसांची सगळी हौस, तो नकाशा, ते काचेतून बघणं, सगळं एका घासावर येऊन अडलं होतं. इथे ऐंशी पदार्थांपुढेही भूक लागली नाही, तर मग ती कुठेच लागायची नाही. समोर धाकटी नूडल्स खाताखाता तिच्याकडे चोरून बघत होती. तिला हे दिसू नये म्हणून मोठी उठली.

"जरा आणखी बघून येते. तू खा."

ती गेली ती थेट लांबच्या टोकाला, करीच्या ट्रेपाशी, टेबलावरून दिसणार नाही अशा खांबाआड. तिथे उभी राहून तिने डोळे पुसले. पुसताना तिला दिसलं की हिरव्या करीतला डाव कुणीतरी लाल करीत टाकला होता आणि लालमधला बाहेर पडला होता. हे तिला बघवेना. रडणं राहिलं बाजूला. तिने डाव पुसले, जागच्या जागी लावले, साय धरलेली करी तळापासून ढवळली. तेवढ्यात काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी तिच्यापुढे ताट धरलं.

"जरा हिरवी द्या हो."

मोठीचा हात गेला. एक डाव. आजोबा हललेच नाहीत.

"अजून दिली तर चालेल का?"

एकोणतीस वर्षांत हा प्रश्न तिला दिवसातून निदान पन्नास वेळा विचारला गेला होता, आणि उत्तर एकच होतं. तिचं तोंड उघडलंही. मग तिला लाल पाटी आठवली.

"चालेल की," ती म्हणाली. "किती घालू? ह्यातली कोळंबी खाली बसते, थांबा, काढून देते."

आजोबांमागे एक बाई होती, तिच्या कडेवर बाळ आणि दुसरा हात ताटाला. मग दोन कॉलेजच्या मुली, मग एक सहा जणांचं कुटुंब. ताटं पुढे येत गेली आणि मोठी वाढत गेली. दोन डाव, तीन डाव, तोंडाने आग्रह वेगळाच. "एवढंसं काय घेता? भात कोरडा राहील." कुणाला नको म्हणायचं नाही, कुणाचं तोंड उतरलेलं बघायचं नाही. असं वाढणं तिने जन्मात केलं नव्हतं. तिचे गाल लाल झाले, केस सुटले, आणि कारखान्यातली जुनी थट्टा तिच्या तोंडून बाहेर पडायला लागली. आतला आचारी भरलेला नवा ट्रे घेऊन आला तेव्हा तिने त्याला सवयीने सांगितलं, "हळू, कोपरा आपटेल." तो "हो ताई" म्हणून गेलासुद्धा.

तिकडे टेबलाशी धाकटी घड्याळ बघत होती. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. काळजीने तिने दुसरं ताट संपवलं आणि रागाने तिसरं. मग ती शोधायला निघाली आणि खांबाआड येऊन बघते तो काय, ताईपुढे रांग.

त्याच वेळी काळा कोट घातलेली हॉटेलची व्यवस्थापक बाईही तिथे येऊन पोचली. ती दहा मिनिटं लांबून बघत होती म्हणे, पण तिला ठरवता येत नव्हतं.

"मला वाटलं, दुपारच्या पाळीला नवीन कुणी आलंय," ती म्हणाली. "तुम्ही आमच्याकडच्या नाही ना?"

"नाही हो. मी जेवायला आलेय."

"मग जेवा ना, मॅडम."

मोठीने डाव ठेवला. रांगेतले लोक हसले, काठीवाले आजोबा चौथ्यांदा आले होते ते जरा हिरमुसले. धाकटीने मात्र बहिणीचा दंड धरला आणि तिला टेबलापर्यंत ओढत नेलं.

"जित्याची खोड," ती दातओठ खात म्हणाली. "मी तुला खायला आणलं, ताई. दोन घास जावेत म्हणून आणलं. आणि तू इथे येऊनही लोकांना वाढतेस? पाऊण तास राहिलाय. ते ताट गार झालंय तुझं."

मोठी खुर्चीत बसली आणि तिने पोटावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र दिसत होतं, म्हणून धाकटी तिच्याकडे वाकली.

"काय होतंय? दुखतंय का?"

"भूक लागलीय," मोठी म्हणाली.

आणि तिने ते गार ताट पुढे ओढलं. गार करी, गार कोबी, सुकलेले डिमसम, एक कणही तिने मागे ठेवला नाही. मग ती उठली आणि डिमसमच्या तीन टोपल्या एकावर एक घेऊन आली. मग तिळातलं चिकन. मग तळलेल्या भाज्या, ज्यांना ती दर घासाला "काय कुरकुरीत आहे गं" म्हणत होती. सुशी तिने हाताने उचलून आख्खी तोंडात टाकली, तिखट हिरव्या चटणीने तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, आणि ते पुसत ती हसत सुटली. कावळे ओरडणं म्हणजे काय ते तिचं पोट आता दाखवत होतं. शेजारच्या टेबलावरची मुलं खाणं थांबवून तिच्याकडे बघायला लागली. धाकटी हातातला चमचा तसाच धरून बसली होती. आनंदाने तिला काय करावं कळत नव्हतं, म्हणून ती उगाच कागदी रुमाल पुढे सरकवत राहिली.

अर्ध्या तासाने मोठीचा हात जरा मंदावला.

"अशी भूक मला कँटीनमध्ये लागायची बघ," ती चावता चावता म्हणाली. "तिसरी पंगत उठली की. हात दमलेले, अंगाला भाजीचा वास, आणि पोटात नुसती आग." मग तिचा आवाज उतरला. "पण उद्याचं काय गं? उद्या घरी भूक पुन्हा गेली तर? रोज कुठे येणार आहोत आपण इथे?"

धाकटीच्या डोळ्यांसमोर आधी खांबाआडची ती रांग आली, मग घरचं टेबल. आयतं पुढ्यात आलेलं गरम ताट आणि त्याच्यासमोर मांडीवर दोन्ही हात ठेवून बसलेली ताई.

"तीन महिने मी तुला उपाशी ठेवलं," ती हळूच म्हणाली.

"काहीतरीच. तू तर रोज वाढत होतीस."

"तेच तर म्हणतेय."

मोठीला एवढ्यात ते काही उमगलं नाही. तिने विचारायला तोंड उघडलं, पण धाकटीने आपलं रिकामं ताट उचलून तिच्या हातात दिलं. खरं म्हणजे धाकटीचं पोट गळ्यापर्यंत आलं होतं, पट्टा तिने कधीच सैल केला होता आणि अन्नाकडे बघवतसुद्धा नव्हतं.

"मला वाढून आण," ती म्हणाली. "काय ते तू ठरव. आणि उद्यापासून घरीही तूच वाढायचं, आधी मला."

मोठी जवळजवळ धावतच गेली. परत आली तेव्हा एका हातात धाकटीचं ताट होतं, चांगलं शिगोशीग, आणि दुसऱ्या हातात तिचं स्वतःचं. दोन्ही ताटं ठेवून ती बसली, पण खायला लागली नाही. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली.

दहा मिनिटं उरली होती. धाकटीने श्वास घेतला, मोठा घास भरला, कसाबसा चावला आणि गिळला.

"छान झालंय," ती म्हणाली.

मग मोठीने चमचा उचलला.