आप्पांचा टॉवेल आणि ग्राफिक्स कार्ड

दुकानात दोन गोष्टी ऑर्डर न देताच येतात. धूळ आणि किस्से. धूळ मी दर शनिवारी ब्लोअरनं उडवतो. किस्से मात्र साठत जातात, आणि चहाला कुणी मित्र आला की बाहेर पडतात. तुम्ही आलाच आहात, तर बसा. खुर्ची ओढा. ती नको, ती आप्पांची आहे!

माझं निपाणीत कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे. मी मूळचा उचगावचा. बेळगावात एका दुकानात काम शिकलो आणि लग्नानंतर बायकोच्या गावात येऊन बस्तान मांडलं. कमी बजेटमध्ये चांगला गेमिंग कॉम्प्युटर बसवून देणं ही आपली खासियत. अडचण एकच होती. गाळा सासऱ्यांचा होता.

सासरे म्हणजेच आप्पा. उभा जन्म बैलबाजारात दलाली केलेला माणूस. गाळा देतानाच त्यांनी सांगून टाकलं, "पावणं, दिवाळीपत्तोर बघतो. चाललं तर चाललं. न्हाय तर बाळूअण्णा बेकरीसाठनं कवाधरनं गाळा मागालाय."

आणि 'बघतो' म्हणजे खरोखरच बघायला लागले! रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून यायचे आणि दारातच खुर्ची टाकून बसायचे. दुकान माझं, पण गिऱ्हाईक आधी त्यांच्या तावडीत सापडायचं.

*

पहिल्याच आठवड्यात सदलग्याहून बापलेक आले. पोरगा बारावी झालेला, हुशार. बापाला त्यानं घरूनच पटवून आणलं होतं की कॉम्प्युटर अभ्यासासाठी पाहिजे. मीही इमानदारीत मान डोलावली. काचेची बाजू असलेलं कॅबिनेट काढलं, आत रंगीत दिवे लागणारे पंखे दाखवले. पोराचे डोळे चमकले. बाप खिशात हात घालणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"बाळ, अभ्यासाच्या मशिनीत एवढ्या लायटी कशाला रं?"

पोरगं तयारीचं होतं. म्हणालं, "आजोबा, रात्री अभ्यास करताना उजेड पडतो."

आप्पांनी बापाकडं बघितलं. बापानं पोराकडं बघितलं. मग बाप शांतपणे मला म्हणाला, "मग टेबललॅम्प कुठं मिळंल?"

आप्पांनी समोरचं इलेक्ट्रिकचं दुकान दाखवलं! वर "माझं नाव सांगा, कमी करंल" म्हणून शिफारसही केली.

*

घरी येऊन मी बायकोकडं तक्रार केली. म्हटलं, सुनीता, असंच चाललं तर दिवाळीला आपल्या दुकानात पाव आणि खारी मिळणार. तुझ्या वडलांना जरा समजावून सांग.

"तुम्हीच सांगा की," ती म्हणाली. "जावयाचं ऐकतील ते."

मी दुसऱ्या दिवशी हिंमत करून म्हटलं, "आप्पा, गिऱ्हाइकाशी मी बोलतो, तुम्ही नुसतं बसा." आप्पा लगेच म्हणाले, "व्हय, व्हय, बरोबर हाय." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "पावण्यांशी बोला. मी नुसता बसलोय. पर हे घिऊ नका!"

*

पण खरं सांगायचं तर कधीकधी उपयोगही व्हायचा. चिकोडीचा एक बँकेतला साहेब आला. त्याला सगळ्यात भारी प्रोसेसर पाहिजे होता आणि उरलेल्या पैशात जे बसेल ते ग्राफिक्स कार्ड. मी समजावून थकलो. म्हटलं, साहेब, गेमिंगमध्ये निम्मं काम कार्ड करतं. कार्ड मागं पडलं की प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो. साहेब ऐकेना. त्यानं कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं होतं, प्रोसेसर म्हणजे मेंदू!

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "सायेब, गावाकडं शेती हाय काय?"

"आहे की."

"मग जुवाला एकीकडं दांडगा खोंड आणि एकीकडं थकलेला बैल बांधून बघा. नांगर सरळ जातोय काय?"

साहेबानं खिशातला यादीचा कागद काढला, प्रोसेसर खाली आणला, कार्ड वर नेलं. मी मनातून आप्पांच्या पाया पडलो. तेवढ्यात आप्पांनी, बैलाचं वय दातांवरून बघायच्या सवयीनं, विचारलं, "पावणं, ह्या कार्डाचं दात बघितलं काय?" आणि साहेब खरोखरच खोकं उघडून बघायला लागला!

*

एकदा बेळगावहून कॉलेजचा एक पोरगा जुनं कार्ड विकायला आला. म्हणाला, "एकदम नवीन आहे. घरात फक्त बहीण वापरायची, तेपण फोटो बघायला."

आप्पांनी कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि नाकाला लावून वास घेतला. "फोटो बघून एवढं तापलंय? लई राबवलाय गड्याला."

मी टेबलावरच्या मशीनला लावून तपासलं. कार्ड चालत होतं, पण रात्रंदिवस राबवलेलं होतं, हे खरं. भाव पाडायला पाहिजे होता, आणि भाव पाडणं हे आपलं काम नव्हे. आप्पा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढला.

आता बैलबाजाराची रीत तुम्हाला माहीत असेल. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांच्या हातात हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. आजूबाजूच्या दहाजणांना काही कळत नाही. आप्पांनी पोराचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि दाबाय सुरुवात केली.

पोराला हे कुठलं ठाऊक! ते आधी घाबरलं, मग लाल झालं, मग फिसकन हसलं. आप्पा गंभीर. तर्जनी सोडली, मधलं बोट धरलं.

"काका, गुदगुल्या होतात!"

"आकडा सांग."

"तुम्ही म्हणाल तो, काका! पण हात सोडा!"

*

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी दुकानात एक मशीन जोडून तयार होतं, नुसतं झाकण लावायचं राहिलं होतं. एका वकिलांच्या पोरासाठी होतं ते. मी नारळ आणायला गेलो. परत येतो तर आप्पांनी शस्त्रपूजा आटोपलेली! स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू, ब्लोअरला हळदकुंकू, आणि उघड्या मदरबोर्डवर मनसोक्त भंडारा!

मी अर्धा दिवस ब्रश घेऊन बसलो. मशीन चालू झालं, गेलं. दोन दिवसांनी वकिलांच्या पोराचा फोन आला.

"दादा, स्पीड मस्त आहे. पण गेम सुरू केला, पंखे जोरात फिरले की माझ्या कपाळाला भंडारा लागतो!"

म्हटलं, मशीन परत आण, साफ करून देतो. तो म्हणाला, "नको, राहू दे. आईला तो देवाचा प्रसाद वाटतो. आता दिवसातून दोनदा म्हणते, बस बाबा, खेळ."

त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. फार काही बोललो नाही, जावई माणूस! एवढंच म्हटलं, "आप्पा, उद्यापासून जरा घरी विश्रांती घ्या." आप्पांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं होतं, आता सुखानं धंदा करू. पण गिऱ्हाईक दारात यायचं, आत डोकावायचं. "आप्पा न्हाईत? बरं, मग नंतर येतो!" एकजण तर टॉवेलाखाली सौदा शिकून घ्यायला आला होता. मला आतून लई वाईट वाटायला लागलं. पण सासऱ्यांना परत बोलवायचं कसं? आणि दिवाळी तोंडावर आली होती.

*

दिवाळीनंतरच्या सोमवारी आप्पा आले. एकटे नव्हते. बरोबर बेकरीवाले बाळूअण्णा होते, आणि बाळूअण्णांची बी.कॉम.ला असलेली पोरगी, हातात मोजायची टेप घेऊन.

"भट्टी कुठं बसंल बघाय आलोय," बाळूअण्णा म्हणाले. इसाराचे पैसे शर्टाच्या खिशात उठून दिसत होते.

आप्पा माझ्याकडं बघेनात. पोरीनं मागच्या भिंतीला टेप लावली. मग पुढच्या भिंतीला लावायला ती काउंटरपाशी आली आणि तिथंच थांबली. नमुन्याचं मशीन चालू होतं, त्यावर रेसिंग गेम लावलेला होता. तिनं टेप खाली ठेवली. आधी एक हात कीबोर्डवर गेला, मग दुसरा. पहिल्याच फेरीत तिनं सगळ्या गाड्या मागं टाकल्या.

"पोरी, मोज की!" बाळूअण्णा म्हणाले.

"थांबा हो पप्पा, शेवटचा लॅप आहे!"

आप्पांनी पोरीकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं, आणि दारातल्या खुर्चीत जाऊन बसले. बाळूअण्णांना समोरचं स्टूल दिलं. टॉवेल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

मी काउंटरमागं उभा. टॉवेल हलत होता. बाळूअण्णांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मान हलवली, नाही. टॉवेल परत हलला. बाळूअण्णांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा भिंतीकडं, आणि मग खो खो हसत सुटले. आप्पांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

टॉवेल निघाला. बाळूअण्णा उठले, खिशातून इसाराचे पैसे काढले, आप्पांना ओलांडून सरळ आत आले आणि माझ्या काउंटरवर ठेवले.

"पांढरं कॅबिनेट हाय काय? पोरगीला काळं आवडत न्हाय."

मी आप्पांकडं बघितलं. ते टॉवेल झटकून खांद्यावर टाकत होते. दाराबाहेर तोंड करूनच म्हणाले,

"पावणं, लायटी जरा जास्त घाला. अभ्यासाला लागत्यात!"