डावीकडे वळणारी गाडी

घरात शेखर मोजकंच बोलायचा. गाडीत बसला की मात्र थांबायचा नाही. नांदुरा ते जळगाव जामोद अशी एकवीस वर्षं त्याने काळी-पिवळी जीप चालवली. कोण कुठे उतरणार, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या म्हशीने दूध चोरलं, सगळं त्याला तोंडपाठ. लग्नानंतर संजीवनी पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसून माहेरी निघाली, तेव्हा तो वाटभर बोलत होता आणि मागची अकरा माणसं हसत होती. तिला वाटलं, गाडीतला हा माणूस घरी का येत नाही?

पुढे काळी-पिवळी थकली आणि त्याने गॅरेज टाकलं. तिथेही दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी तो स्वतः एक चक्कर फिरवून आणायचा. गेल्या दिवाळीनंतर अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, दोन्ही बाजूंचं मिटत चाललं होतं. "गाडी बंद करा," डॉक्टर म्हणाले. परतताना एसटीत शेखर खिडकीकडे तोंड करून बसला. नांदुरा जवळ आल्यावर म्हणाला, "एक डाव चालवीन. मंग किल्ली तुह्या हातात."

तो डाव लवकरच आला. गावातल्या तरुण मंडळाने जुन्या गाड्यांची शर्यत ठरवली. मोबाइलवर परदेशातल्या शर्यती पाहून पोरांच्या डोक्यात आलं होतं. अंड्याच्या आकाराची छोटी वाट, दहा फेऱ्या, आठ गाड्या. काचा काढायच्या, मागच्या सीटा काढायच्या, बाकी गाडी आपापल्या डोक्याने तयार करायची. शेखरने गॅरेजमागच्या भंगारातून एक मारुती ओढून काढली.

"डॉक्टर काय बोलले ते इसरले काय?" संजीवनी म्हणाली.

"अवं, तिथं समोरून कोणी येत नाही. सारे एकाच बाजूनं फिरतेत. अर्धं नांदुरा माह्या गाडीत बसलेलं हाय. त्याहीच्या समोर एक डाव नीट चालवतो, दहा फेऱ्या पुऱ्या करतो आन उतरतो. मले नंबर नाही पाहिजे."

तिला मंडळात जाऊन त्याच्या डोळ्यांचं सांगता आलं असतं. गावभर त्याची शोभा होईल म्हणून ती गेली नाही.

दीड महिना दोघं संध्याकाळी त्या मारुतीभोवती होती. बाजूचं दिसत नसल्यामुळे त्याला टॉर्च धरायला माणूस लागायचं. ती टॉर्च धरायची, पाने-पकडी द्यायची, आणि तो बोलायचा. गाडीत बोलायचा तसा, न थांबता. परदेशात गाड्या कायम डावीकडेच वळतात, हे त्याने शंभरदा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलं होतं. म्हणून उजवीकडची चाकं त्याने थोडी मोठी बसवली. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून डाव्या अंगाला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून वजन वाढवलं. "आता इले वळवा लागतच नाही. सोडून देल्ली तरी डावीकडं जाते," तो म्हणाला. संजीवनीला सगळं समजलं. तिचे हात ग्रीसने काळे व्हायचे, आणि ते तिला आवडायला लागलं होतं.

शर्यतीच्या आधीच्या मंगळवारी बचत गटातली प्रेरणा आली. शर्यत व्हायची त्या जिनिंगच्या मैदानात अजून कापसाच्या गाठी पडून होत्या, म्हणून शर्यत प्रेरणाच्या सासऱ्यांच्या वावरात हलवली होती. कापसाची पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं होतं. मधोमध लिंबाखाली म्हसोबाचा दगड.

"रविवारी सकाळी पूजेले या तुम्ही, वहिनी. आन भाऊले सांगा. सासरे अडून बसले. म्हणते, माह्या वावरात देवाले डाव्या हाताशी ठिवून कोणी फिरणार नाही. प्रदक्षिणा उजवी असते, तशाच गाड्या फिरवा. मंडळानं हाव म्हटलं, आन तुमच्या घरचा निरोप माह्याकडं देल्ला."

संजीवनीला लगेच कळलं. उजवीकडे वळत फिरायचं म्हणजे प्रत्येक वळणावर ती मारुती उलटी ओढणार. पण हाताशी चार दिवस होते. चाकं बदलता आली असती, पट्ट्या कापता आल्या असत्या.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. "अहो, त्या म्हसोबाच्या वावरात गाड्या कशा..."

शेखर रंगात होता. वाटीतलं पिठलं भाकरीला लावत हसला. "तू टॉर्च धर. तेवढं जमते तुले. गाडीतलं तुले काय समजते?"

लागेल असं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. तिने तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि पुढची थापायला घेतली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. रोज ती टॉर्च धरून उभी राहायची आणि रोज शब्द ओठापर्यंत यायचा. गाडी वळणार नाही, तो एका फेरीतच उतरेल, डोळ्यांपायी जिवावर बेतणार नाही, अशी ती स्वतःची समजूत घालायची. ती समजूत अर्धीच खरी होती. त्याने आपल्याला एकदा विचारावं, एवढंही तिला हवं होतं.

रविवारी वावरात जत्रा भरली. वाटेच्या कडेने पऱ्हाटीच्या पेंढ्यांचा बांध रचला होता. संजीवनीने म्हसोबाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि भोंग्यावर पुकारा झाला, "देवाले उजव्या हाताले ठेवून दहा फेऱ्या!"

शेखरने गाडीतून डोकं बाहेर काढलं. "थांबा बे! उजव्या? हे कधी ठरलं?"

"मंगळवारी ठरलं, काका! तुमची गाडी डावखुरी हाय काय?" मंडळातला एक पोरगा ओरडला. सगळे हसले.

"अर्धा तास द्या मले. चाकं बदलतो."

पाहुणे खोळंबले होते. अर्धा तास मिळाला नाही. शेखरने गर्दीत संजीवनीला शोधलं. बाजूचं दिसत नसल्यामुळे त्याला पूर्ण मान फिरवावी लागली. ती लिंबाच्या बुंध्यामागे सरकली.

आणि तरीही त्याने गाडी चालवली. प्रत्येक वळणावर मारुती बाहेर पळत होती आणि तो तिला दोन्ही हातांनी आत ओढत होता. सहाव्या फेरीत तो तिसरा होता. लोक "शेखरभाऊ, शेखरभाऊ" ओरडत होते. आठव्या फेरीत पलीकडच्या वळणावर त्याचे हात हरले. गाडी सरळ गेली आणि पऱ्हाटीत घुसली. मनगट मुरगळलं, कपाळ खरचटलं, बाकी काही झालं नाही. तो उतरला, बोनेटवरच्या काड्या झाडल्या आणि किल्ली संजीवनीच्या हातात दिली.

त्यानंतर तो घरीच असायचा. पण ती शर्यत त्याला पुरली. येईल त्याला तो सांगायचा, "सहाव्या फेरीले तिसरा होतो मी, उलट्या गाडीवर! मले कोणी सांगतलं असतं तर दहाही पुऱ्या केल्या असत्या." प्रत्येक सांगण्यात तो पुन्हा गाडीत बसल्यासारखा बोलायचा, आणि संजीवनी चहा करायला उठायची.

पावसाळ्याआधी प्रेरणा गटाचा निरोप घेऊन आली. शेखरने तिलाही शर्यत ऐकवली. "मले कोणी सांगतलंच नाही," तो म्हणाला.

"असं कसं, भाऊ? मी तर मंगळवारीच वहिनीले सांगून गेलते," प्रेरणा सहज बोलून गेली.

शेखरने मान पूर्ण वळवून बायकोकडे पाहिलं. ती शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. सांगायला तिच्याकडे पुष्कळ होतं, तोंडातून मात्र एवढंच आलं, "सांगनार होती मी..."

"हाव," शेखर म्हणाला. एवढंच.

त्या दिवसापासून त्याने शर्यतीचं नाव काढलं नाही. श्रावणात बीबी गावाहून त्याचे कारभारीमामा आले. "काय रे भाचा, म्हणते तू रेसमध्ये गाडी पळवली?"

"जाऊ द्या मामा."

मग संजीवनीच खाली बसली आणि सांगू लागली. म्हसोबाचं, उजवीकडून फिरण्याचं, आपण चार दिवस तोंड मिटून ठेवल्याचं, सगळं सांगितलं. मामा अवघडून तिच्याकडे पाहत राहिले. "तरी बी पाचव्या फेरीले हे दुसरे होते," ती मुद्दाम चुकीचं बोलली आणि तो पुढचं सांगायला घेईल म्हणून थांबली.

शेखर समोर भिंतीकडे पाहत होता. त्याने तिला दुरुस्त केलं नाही.