टकटक

माझी मावशी काजं-बटणं करते. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे तिच्याकडे येतात आणि काजं होऊन परत जातात. ती बुद्धिबळही खेळते. तिचा डाव पाहणं म्हणजे संथ पाण्यात उभा बगळा पाहणं. बराच वेळ काही होत नाही, आणि मग होतं.

बुद्धिबळाच्या क्लबात ती गेली ती स्वतः शिवलेले पडदे लावायला. स्टुलावर उभी राहून कड्या ओवता ओवता खालचा डाव बघत राहिली. पडदे लागले तरी उतरेना. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी वर पाहून म्हणाले, "बाई, चक्कर आली का?"

"नाही. तुमचा उंट मरतोय."

तेव्हापासून शनिवारी घड्याळजींसमोरची, खिडकीजवळची खुर्ची तिची. पुरुषांनी भरलेल्या त्या खोलीत ती एकटी बाई. शह द्यायची, पण तोंडाने म्हणायची नाही. मोहरं ठेवून पटाच्या कडेवर बोटाने हलकेच टकटक करायची. ती ऐकली की घड्याळजी कपाळाला हात लावायचे.

मग क्लबाच्या सेक्रेटरींच्या मनात आलं, बायका या खेळाकडे वळाव्यात. म्हणून बुधवार फक्त बायकांचा केला. "पहिला मान तुमचा," ते मावशीला म्हणाले. मावशी हरखली. शनिवारी गेली, तर तिच्या खुर्चीवर सेक्रेटरींचे मेहुणे.

"अहो, तुम्हाला आता हक्काचा वार आहे ना!" सेक्रेटरी हसून म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि अवघड तेच होतं.

घरी येऊन मावशीने मला विचारलं, "मला बोलावलं का रे, की घालवलं?"



तरी बुधवारी गेली. तिनेच शिवलेले पडदे ओढून घेतलेले. आत नुसता कलकलाट. एका पटावर सासू-सुना बसलेल्या.

"सासूबाई, तुमचा हत्ती खाऊ का?"

"खा बाई. घरात तरी काय शिल्लक ठेवतेस?"

मावशीला कळेना, हा खेळ की हळदीकुंकवाविना जमलेल्या गप्पा. तिच्यासमोर एक नर्स होती. मावशीने शह दिला, टकटक केली. नर्स म्हणाली, "काकू, दार काय वाजवताय? बोला की!"

मावशीने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. बायका हसल्या, मग तीही हसली. शेवटी घोगरं काहीतरी निघालं. "आमच्या वॉर्डातले पेशंट याहून मोठ्यानं कण्हतात," नर्स म्हणाली, "पुन्हा म्हणा." उठायच्या वेळेपर्यंत मावशीचा शह पडद्याबाहेर ऐकू जात होता.

घरी येऊन तिने गणवेशांचा गठ्ठा पुढे ओढला. "शनिवारी मला बोल असं कुणी म्हणालं नाही," ती म्हणाली, "पण गप्प बस असंही कुणी म्हणालं नव्हतं. मग मी गप्प का होते?"

पुढच्या शनिवारी तिने घरातलं, पडदे लावायचं ते स्टूल काखोटीला मारलं आणि मला सोबत घेतलं. खिडकीजवळ मेहुणे बसले होतेच. त्यांच्या शेजारी तिने स्टूल टेकवलं. घड्याळजींचा चेहरा उजळला. "मेहुणे, तुम्ही जरा चहा घेऊन या," ते म्हणाले आणि नव्याने पट मांडला.

डाव रंगला. मावशीने घोडा उचलून ठेवला. घड्याळजी सवयीने तिच्या बोटाकडे बघत राहिले.

"शह!"

सगळ्या माना वळल्या. घड्याळजी असे दचकले की त्यांचा राजा आडवा झाला.

"बरं वाटत नाही का?" सेक्रेटरींनी मावशीला विचारलं.

"शह दिलाय," मावशी म्हणाली.

घड्याळजींनी राजा उभा केला. "टकटक बरी होती हो," ते पुटपुटले. मावशीचे कान लाल झाले. पुढे ती दोनदा चुकली आणि डाव हरली.

परतताना तिच्या हातात नुसती पिशवी होती.

"मावशी, स्टूल?"

"तिथेच राहू दे. शनिवारी लागेल."

"आणि बुधवारी?"

"बुधवारीही जाणार." थोडं चालून ती थांबली. "ते दचकले ना, त्याचं मला वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं. असं कसं रे?"

तिचं बोट पिशवीच्या कडेवर हलकेच टकटक करत होतं.